अक्कांचं शेवटचं मत

अक्का,

वर नमस्कार लिहू की नको, यातच अख्खी रात्र गेली. शेवटी नुसतं अक्का लिहिलं. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. रोज सकाळी तुमच्या फोटोला हार घालते, दिवा लावते, पण खरं सांगू? एकदाही मनापासून हात जोडले गेले नाहीत. राग आहे मला तुमचा. जिवंतपणी बावीस वर्षांत कधी वर मान करून बोलले नाही, आता कागदावर बोलते.

आजच का? काल पत्रिका आली म्हणून. गुळगुळीत कागद, वरच्या कोपऱ्यात तुमचा फोटो, ग्रामपंचायतीत सदस्य होतात तेव्हाचा. शेजारी भाऊसाहेबांचा, तुमच्यापेक्षा दुप्पट मोठा. मध्ये जाड अक्षरांत, ‘कै. अक्का महिला शिवणवर्ग, उद्घाटन मा. आमदार भाऊसाहेब यांच्या शुभहस्ते’. आणि सगळ्यात खाली, ‘शिक्षिका : सौ. मंगल’. म्हणजे मी! मला कोणी विचारलंसुद्धा नाही. पंधरा वर्षं ओट्यावर बसून गावाची ब्लाउजं शिवते, तेव्हा या माणसाला माझं नाव माहीत नव्हतं. आता दहा नव्या मशिनी आल्यात म्हणे, आणि त्या मी चालवायच्या.

बायकांसाठी वर्ग, तुमच्या नावानं, आणि फीत कापणार तो माणूस. अक्का, कसं वाटतंय?

पक्ष म्हणजे तुमच्यासाठी काय होता, ते मला कळत नव्हतं असं नाही. नशिराबादहून लग्न होऊन आले तेव्हा तुमची अहिराणी मला निम्मी कळायची नाही, पण पक्षाचं नाव निघालं की तुमचा चेहरा बदलायचा ते कळायचं. नाना गेले तेव्हा तुम्ही तिशीतल्या, पदरात तीन लेकरं. भाऊबंद जमिनीवर टपलेले. त्या वेळी पक्षाचे जुने पुढारी सायकलवर आले, तलाठ्याला समोर बसवला आणि उताऱ्यावर तुमचं नाव लावून घेतलं. सही करायला तुम्ही पक्षाच्याच रात्रशाळेत शिकलात. हे तुम्ही मला कितीदा सांगितलंत! भाजी निवडताना, पापड लाटताना, दवाखान्याच्या रांगेत. ते पुढारी कधीच गेले, त्यांच्याबरोबरचे बठ्ठे, सगळेच गेले. पण तुमच्यासाठी तो पक्ष तोच, ते चिन्ह तेच. भाऊसाहेब कॉलेजात असताना तुमच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन पक्षाचं काम करायचे, हेही तुम्हीच सांगितलं. म्हणून त्यांना तुम्ही अरे-तुरे करायचात. आमदारकीला उभं राहिल्यावरसुद्धा.

मला ते सगळं मान्य होतं. मी पण त्याच चिन्हावर मत देत आले. विचारही केला नाही कधी. लग्नानंतर आडनाव बदललं तसं मत बदललं.

आता त्या दिवसाचं लिहिते. तुम्हाला आठवत असणारच.

दुपारचे तीन-साडेतीन वाजले असतील. रेखा रोजच्यासारखी तुमच्या पायाची जखम धुवायला यायची होती. उपकेंद्रातली सिस्टर, ड्युटी संपवून घरी जाताना आपल्याकडे यायची, कोणी सांगितलं नसताना. बुद्धविहारामागं राहणारी पोरगी, पण तुमच्या पायाशी बसून पट्टी बांधायची तेव्हा तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवायचात. प्राचीला जळगावच्या नर्सिंग कॉलेजात घालायचं सुचवलं तिनं, फॉर्म भरला तिनं, पहिल्या दिवशी होस्टेलवर सोडायला माझ्याबरोबर आली तीच. तुम्ही म्हणायचात, मला दोन नाती आहेत.

त्या दिवशी ती आली आणि दारातच बसली. आत यायला तिला जमेना. पाणी दिलं तर तांब्या हातात धरता येईना. उजव्या मनगटावर बांगडी फुटून रुतली होती आणि चार बोटांचे वळ उठले होते, लालभडक. मी ते पाहिले. तुम्हाला मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतलात आणि बोटांनी चाचपत गेलात.

“काय जायं वं पोरी?” तुम्ही विचारलंत.

तिनं सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं सांगितलं. आरोग्य शिबिराची यादी घेऊन भाऊसाहेबांनी तिला संपर्क कार्यालयात बोलावलं होतं. तिथं दुसरं कोणी नव्हतं. दार लावलं. तिनं हात सोडवला तो भिंतीवर आपटून. शटर उघडताना मागून तो म्हणाला, “कोणाला सांगशील? सगळं गाव माझं आहे.”

 बांगडीची काच तिच्या हातातून काढलीत. हळद आणायला मला पाठवलंत. परत आले तेव्हा तुम्ही तिला छातीशी धरलं होतं आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्का, ते मी पाहिलं आहे. म्हणून तर राग जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी रेखानं पोलिसांत तक्रार दिली. हिंमत केली पोरीनं. महिनाभरात तिकीट जाहीर झालं, आणि ते भाऊसाहेबांनाच मिळालं.

मग गावात काय काय ऐकलं! नळावर बायका बोलायच्या. एक म्हणायची, “निवडणूक आली की असल्या तक्रारी निघतातच.” दुसरी म्हणायची, “नाहीतरी सगळेच तसले. हा निदान आपला.” समोरचा उमेदवार कसा, तर नदी उपसून वाळू विकणारा. तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातलेला. त्यामुळं “याला नाही तर काय त्याला?” हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. कोणी हळूच रेखाच्या जातीवर जायचं, “त्यांना कोणीतरी पुढं केलं असणार.” आणि मी? हंडा भरायचा आणि निघून यायचं.

घरात तुमचा लेक. नरडाण्याच्या कारखान्यातून आले की चहासुद्धा न घेता पक्षाच्या कचेरीत. बूथप्रमुख ना ते! एकदा जेवताना मी म्हटलं, “अहो, मी तिचा हात पाहिलाय.” ताटावरून मान वर न करता म्हणाले, “तू काही पाहिलं नाहीस. निवडणूक होईपर्यंत तरी.” तुम्ही शेजारीच बसला होतात. दूधभाकर कुस्करत होतात. कुस्करतच राहिलात.

सगळ्यात जास्त मला कोणती दुपार आठवते, सांगू?

तक्रार दिल्यावरही रेखा पट्टी बांधायला येत राहिली. मला वाटलं होतं येणार नाही. आपल्या दारावर भाऊसाहेबांचं पोस्टर, त्याच्या खालून वाकून ती आत यायची. त्या दिवशी पट्टीची गाठ मारताना तिनं विचारलं, “अक्का, माझं मनगट तुम्ही चाचपलं होतं ना? माझ्या वकीलबाई म्हणतात, नंतर लगेच ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं तर केसला बळ येईल. तुम्ही सांगितलं तर गावात कोणी मला खोटी म्हणणार नाही.”

तुम्ही पाय आखडून घेतलात. मग म्हणालात, “माले आते काही दखास नही पोरी. डोयाच गयात.”

डोळे गेले! अक्का, तिनं तुम्हाला डोळ्यांचं विचारलंच नव्हतं. बोटांचं विचारलं होतं. तिनं तुमच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी पदराच्या टोकाला धरून उभी. मग तिनं कात्री पुसली, पिशवीत टाकली, “उद्या येते” म्हणाली. आणि आली. दुसऱ्या दिवशीही आली!

ती गेल्यावर मी धीर करून तुम्हाला विचारलं. “अक्का, तुम्हाला ती खोटी वाटते का?” तुम्ही अंगावर आलात. “खोटी काबरं वाटी? पोर खोटं नही बोलनार.” मग थोड्या वेळानं, भिंतीकडं तोंड करून, “पन मत पक्षनं शे, मानूसनं नही.”

हे वाक्य मी तेव्हापासून कितीदा मनात फिरवलं असेल. मत पक्षाचं. मग ते मनगट कोणाचं होतं, अक्का?

पुढं घरी मतदान घ्यायला माणसं आली. पंच्याऐंशीच्या पुढच्यांसाठी सोय आहे म्हणून यांनी तुमचा फॉर्म भरला होता. दोन अधिकारी, एक पोलीस, एक जण व्हिडिओ काढणारा. तुम्ही नवं लुगडं नेसलात, कपाळावर गोंदणाच्या वर बुक्का लावलात. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. तुम्हाला चिन्हं दिसेनात, तेव्हा साहेब म्हणाले, “आजी, मदतीला घरातलं कोणी घ्या. तुम्ही सांगाल तिथं ते खूण करतील.”

हे लगेच पुढं झाले. तुम्ही हात वर केलात. “भास्कर नको. मंगल ये.”

का, अक्का? का मला बोलावलंत? जन्मभर पक्षाचं सगळं तुम्ही आणि तुमचा लेक बघत आलात. मला तर प्रचाराच्या चहापलीकडं कोणी विचारलं नाही. मग त्या दिवशी मीच का? यांचा चेहरा उतरला होता. साहेबांनी मला सांगितलं की मतदाराचं मत कोणाला सांगायचं नाही, आणि तशी सही घेतली. मी आडोशाआड तुमच्या शेजारी बसले. हातात पेन. समोर मतपत्रिका, भाऊसाहेबांचं नाव वरून दुसरं.

तुम्ही माझ्या कानाशी आलात. “जठे नेहमी, तठेच.”

एवढंच म्हणालात. पण माझं मनगट तुम्ही धरलं होतंत, तेही सोडेनात. घट्ट धरलं होतंत. मी थांबले. पाच-सात श्वास थांबले असेन. तुम्हाला दिसत नव्हतं. मी दुसरीकडं खूण केली असती तर तुम्हाला कळलंही नसतं. मी तसं करावं म्हणून तुम्ही मला बोलावलंत का? तोंडानं पक्षाचं नाव घ्यायचं आणि हातानं माझ्याकडून दुसरंच करून घ्यायचं, असं काही तुमच्या मनात होतं का? की तुमचा सुनेवर लेकापेक्षा जास्त विश्वास होता, की ती सांगितलेलं करेल, बरोबर तेवढंच?

मी सांगितलेलं केलं. दुसऱ्या नावापुढं खूण केली. माझ्या हातानं, माझ्या बोटांत पेन धरून. मग तुमचा अंगठा की सही विचारलं तेव्हा तुम्ही ऐटीत म्हणालात, “सही!” आणि वाकडीतिकडी का होईना, केलीत. लिफाफा बंद झाला. साहेब नमस्कार करून गेले. तुम्ही माझ्याकडं तोंड करून विचारलंत, “कयं का?” केलं का, म्हणून. मी म्हटलं, “हो अक्का.” तुम्ही उसासा टाकलात. तो समाधानाचा होता की दुसरा कसला, आजतागायत मला सांगता येत नाही. तुमचं मत मी कोणाला सांगू नये हे खरं, पण तुम्हालाच सांगायला काय हरकत आहे?

चौथ्या दिवशी दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत.

अंत्ययात्रेला गाव लोटलं. भाऊसाहेब प्रचार सोडून आले, खांदा दिला. बायका आम्ही घरीच होतो. तासाभरात मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागला. सरणाशेजारी माइक हातात घेऊन श्रद्धांजली वाहतायत. रुमालानं डोळे पुसतायत. “अक्का माझी आई होती. माझ्यावर चिखल उडवणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही. चार दिवसांपूर्वी या माउलीनं घरी मतदान केलं. शेवटचं मत. ते तिनं कोणाला दिलं असेल, सांगायला पाहिजे? अशी आई वाईट माणसाला मत देईल का?” आणि व्हिडिओत तुमचा लेक, डोक्याचा रुमाल सोडलेला, पाठीमागं उभा राहून मान हलवतोय.

तुमची चिता पेटायच्या आधी, अक्का! आधी तुमचं मत वापरून घेतलं, मग अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी नळावर मला बायकांनी घेरलं. ज्या आधी डगमगत होत्या त्याच. “खरंच अक्कांनी त्यांनाच दिलं का गं? तूच होतीस ना जवळ?” माझी सही होती, कोणाला सांगायचं नाही म्हणून. ती मला आठवली नाही. मी म्हटलं, “हो.” लगेच एक जण म्हणाली, “मग झालं. अक्का रेखाला लेकीसारखं मानायच्या. त्यांना ती खरी वाटली असती तर दिलं असतं का? म्हणजे पोरगी खोटंच बोलते.”

तिथं मी बोलायला पाहिजे होतं. एकच वाक्य होतं. ‘अक्कांना ती खरी वाटत होती, तरी दिलं.’ तोंडापर्यंत आलं. तेव्हा मात्र मला सही आठवली! म्हटलं, मतदानाचं आहे, बोलू नये. हंडा डोक्यावर घेतला आणि आले. बघा, कशी शहाणी झाले तुमच्या हाताखाली.

मतदानाच्या दिवशी घरात अजून दहावा व्हायचा होता. मी म्हटलं, सुतक आहे, मी जात नाही. हे म्हणाले, “सुतक देवाला असतं, मतदानाला नाही. चल.” शाळेत बायकांची रांग होती. रेखा माझ्यापुढं सहा-सात जणींवर. तिच्या पुढं आणि मागं दोन-दोन हात जागा मोकळी, जशी एखाद्या आजारी माणसाभोवती ठेवतात. उन्हात ती ताठ उभी होती. माझ्याकडं वळून पाहिलं नाही, बरं झालं.

मी आत गेले आणि सगळ्यात खालचं बटण दाबलं. कोणीच नको, ते. बाहेर आले तेव्हा वाटलं, आपण काहीतरी केलं. घरी येईपर्यंत ते वाटणं संपलं होतं. काय केलं मी? वाळूवाल्याला नको होतं, याला नको होतं, आणि रेखासाठीही काही केलं नव्हतं. हात झटकून मोकळी झाले, तुमच्यासारखीच.

भाऊसाहेब निवडून आले. गुलालाची मिरवणूक बुद्धविहारामागच्या गल्लीतून मुद्दाम नेली आणि रेखाच्या दारासमोर गाडी थांबवून गाणी वाजवली. पंधरा दिवसांत तिची बदली झाली, नंदुरबारकडं, डोंगरात. गावात म्हणाले, बघा, लाज वाटली म्हणून स्वतःच मागून घेतली.

जायच्या आधी ती आपल्याकडं आली. तुमच्या फोटोसमोर उभी राहिली. पाया पडली. मग मला म्हणाली, “वहिनी, एक विचारू? अक्कांनी खरंच त्याला दिलं?”

मी म्हटलं, “हो.”

“मी खोटी आहे असं वाटून?”

मला खोटं बोलता आलं असतं. अक्का, मला वाटतं मी तिथं खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण मी म्हणाले, “नाही गं. तू खरं बोलतेस असं म्हणाल्या मला.”

ती फोटोकडं वळली. “म्हणजे माहीत असून.”

“माहीत असून.”

“लोक मला खोटी समजतात म्हणून त्याला मतं दिली, असं मी स्वतःला समजावत होते. ते बरं होतं, वहिनी.” एवढं बोलून तिनं चपला घातल्या. तुमच्या पायासाठी आणलेला मलमाचा डबा खिडकीत तसाच होता. तो मी तिला परत देत होते. “राहू द्या, कोणाला तरी लागेल,” म्हणाली.

ती गेली आणि मी ओट्यावर बसून रडले. तुम्ही गेलात तेव्हा रडले त्यापेक्षा जास्त रडले. वाईट वाटून घेऊ नका, किंवा घ्या.

आणि आता काल ही पत्रिका. हे किती खूश होते! “बघ, मायचं नाव राहिलं गावात. आणि तुला घरबसल्या मान.” मी म्हटलं, मी शिकवणार नाही. विचारलं, का? मग मी सगळं सांगितलं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून काय म्हणालात तेही. मला वाटलं, मायनं रेखाला खरं मानलं हे ऐकून यांना धक्का बसेल.

कसला धक्का! शांतपणे म्हणाले, “ती खोटं बोलते असं कोण म्हणतं? मला माहीत होतं. कचेरीत बठ्ठ्यांना माहीत होतं. पण एका बाईसाठी पक्ष बुडवायचा का? सत्ता गेली असती.”

 म्हणजे साऱ्या गावात रेखावर अविश्वास असा कोणाचा नव्हताच? नळावरच्या बायकांनाही मनातून कळत होतं? पोस्टर लावणाऱ्यांना, मिरवणुकीत नाचणाऱ्यांना? मला वाटत होतं लोक चुकले. लोक चुकले नव्हते अक्का, लोकांनी हिशेबानं केलं. आणि त्या हिशेबात तुमचं मत सगळ्यात वर ठेवलं, बाकीच्यांना लपायला.

“माय असती तर तिनं तुला असं वागू दिलं असतं का?” यांनी विचारलं.

मी म्हटलं, “नसतं दिलं. म्हणून तर आता वागते.”

त्यावर हे उठून बाहेर गेले. संध्याकाळी आल्यावर त्यांना मी कुठं जायचं ठरवलंय ते सांगितलं, तेव्हा एवढंच म्हणाले, “मी तुझ्याबरोबर येणार नाही. पण अडवणार नाही.” त्यातही तुमचाच लेक दिसला मला. हात लावायचा नाही, पण धरूनही ठेवायचं नाही. काल प्राचीचा जळगावहून फोन आला. तिला सांगितलं. ती म्हणाली, “आई, मलाही पुढं अशाच कोणाच्या कार्यालयात याद्या घेऊन जावं लागेल.” 

अक्का, तुम्ही मला खूप शिकवलंत. भाकरी थापायला, माणसं ओळखायला, उधारी मागायला आलेल्याशी गोड बोलायला. विधवा बाईनं गावात ताठ कसं राहायचं ते तुमच्याकडं पाहून कळलं. त्या सगळ्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि ते मी कधी विसरणार नाही. पण ज्या पक्षानं तुम्हाला ताठ राहायला शिकवलं, त्याच पक्षासाठी तुम्ही त्या पोरीच्या डोळ्यांदेखत आंधळ्या झालात. हे मला पचत नाही. तुमच्यावर इतकी माया नसती तर पचलं असतं.

उद्घाटनाच्या दिवशी मी गावात नसेन. रेखाच्या वकीलबाईंशी काल फोनवर बोलले. त्याच दिवशी सकाळी धुळ्याला जाऊन तपास करणाऱ्या साहेबांपुढं जबाब द्यायचा आहे. मी एकटी जाणार, एसटीनं. मनगटावर किती बोटांचे वळ होते, बांगडीची काच कुठं रुतली होती, ती दारात किती वाजता आणि कशी बसली, शटरपाशी तो काय म्हणाला असं तिनं सांगितलं, ते सगळं सांगेन. तिचा हात तुम्ही मांडीवर घेऊन चाचपलात आणि रडलात, हेही सांगेन. तुमचं नाव जबाबात येईल. त्याबद्दल माफी मागत नाही.

तुम्ही मत कोणाला दिलं ते मात्र आता कोणालाच सांगणार नाही. जेवढं बोलले तेवढंही बोलायला नको होतं. तेवढी तुमची लाज राखते.

माझी राखणार नाही. साहेब विचारतीलच, बाई, एवढे महिने का गप्प होता? धमकी होती का, दबाव होता का? कोणी गळा धरला नव्हता अक्का. खरं तेच सांगेन. मी पाहिलं होतं, मला सगळं माहीत होतं, आणि आमच्या घरात पक्ष आधी होता, म्हणून मी गप्प बसले. हे मी लिहून, वाचून, खाली स्वतःच्या हातानं सही करून देईन, हा तुम्हाला माझा शब्द.

तुमची सून,
मंगल